‘धर्मयुद्ध’ : धर्माने की धर्मासाठी?

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ या वस्तीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या नातीला इतिहास मराठीतून समजावताना ‘पोपने १०९५ साली धर्मयुद्ध पुकारले’ असे वाक्य त्यांच्या तोंडून गेले, आणि नातीने विचारले, ‘आजी, गीतेतले धर्मयुद्ध ते हेच का?’ हिंदीत दोन्हीकडे हाच शब्द चालतो. मराठीत काय म्हणावे, असे ताई विचारतात.

हे ते नव्हे, आणि नातीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे.

या समासाचा विग्रह दोन प्रकारे होतो. ‘धर्माने केलेले युद्ध’ म्हटले की धर्म ही लढण्याची रीत ठरते, ‘धर्मासाठी केलेले युद्ध’ म्हटले की ते लढण्याचे कारण ठरते. गीतेत अर्जुनाला सांगितलेला शब्द पाहावा : ‘धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत्क्षत्रियस्य न विद्यते’ (२.३१). येथे समास नाही, ‘धर्म्य’ हे विशेषण आहे. पाणिनीने (४.४.९२) धर्म, पथिन्, अर्थ आणि न्याय या चार शब्दांना ‘त्यापासून न ढळलेले’ या अर्थाने एकच प्रत्यय सांगितला आहे, आणि त्यातून धर्म्य, पथ्य, अर्थ्य, न्याय्य ही रूपे होतात. म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला आपण जे पथ्य सांगतो, ते आणि गीतेतले धर्म्य युद्ध ही व्याकरणाने सख्खी भावंडे आहेत. एक वाटेवरून न ढळलेले, दुसरे धर्मावरून न ढळलेले.

महाभारताची कथाही हेच सांगते. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष नियम ठरवतात : रथीने रथ्याशीच लढावे, पाठ फिरवलेल्यावर, निःशस्त्रावर, सारथ्यावर, शंख-भेरी वाजवणाऱ्यावर शस्त्र चालवू नये. हे नियम पुढे दोन्हीकडून मोडले गेले. पण भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली तेव्हा बलराम संतापला तो नाभीखाली प्रहार केला म्हणून. कौरव-पांडवांचे देव वेगळे नव्हते, विधीही वेगळे नव्हते. तेथे कोणत्या धर्माचा विजय व्हावा हा वादच नव्हता. लढाई धर्माने झाली की नाही, एवढाच होता.

हा अर्थ केवळ पोथीत उरला आहे असेही नाही. आपल्याकडे हमरस्त्यावर मालमोटारी तोलणाऱ्या काट्यावर ‘धर्मकाँटा’ अशी पाटी असते. तो काटा कोणत्या धर्माचा, असे कोणी विचारत नाही; वजन खरे एवढेच त्यातून कळते. ‘धर्मसंकट’ म्हणजेही धर्मावर आलेले संकट नव्हे.

तरीही दुसरा अर्थ सर्वस्वी परका आहे असे म्हणणे खोटे ठरेल. ‘धर्मासाठी मरावे, मरोनि अवघ्यांसि मारावे’ ही रामदासांची ओवी आपल्या सर्वांच्या कानात आहे, आणि तिच्यात ‘साठी’चा, म्हणजे चतुर्थी विभक्तीचाच अर्थ आहे. मात्र ‘धर्म’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती, इस्लाम इत्यादी संप्रदायांसाठी सरसकट रूढ झाल्यावर हा अर्थ पुढे आला आणि क्रुसेड (पोपच्या हाकेवरून युरोपातल्या ख्रिस्ती सैन्यांनी मध्ययुगात केलेल्या मोहिमा) व जिहाद या दोन्ही शब्दांवर ‘धर्मयुद्ध’ चिकटवले गेले. क्रुसेडच्या मुळाशी लॅटिनमधला क्रॉस आहे. जिहादचा मूळ अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न असा आहे. दोघांचा इतिहास वेगळा, म्हणून ते शब्द जसेच्या तसे ठेवावेत. १२०४ साली क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले, ते तर ख्रिस्ती शहर होते. त्याला ‘धर्मयुद्ध’ म्हणताना मराठी कानाला खटकले पाहिजे.

खटकण्याचे कारण हे की आपल्या भाषेत हा शब्द नुसते वर्णन करत नाही, तर संमती देतो. ‘धार्मिक कारणावरून झालेले युद्ध’ म्हटले तर बोलणारा तटस्थ राहतो. ‘धर्मयुद्ध’ म्हटले की तो एका बाजूला न्याय देऊन बसतो. पानिपताविषयी लिहिताना ही काळजी मला फार आवश्यक वाटते. अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याने धर्माच्या नावाने साद घातली हे खरे, पण १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. आणि पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना रणातून वाचवले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने, ज्याला महादजींनी पुढे भाऊ मानले. ज्या शिंद्यांच्या छावणीवरून ताईंच्या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव पडले, त्या घराण्याचा हा इतिहास आहे. त्याला ‘धर्मयुद्ध’ हे एकच नाव दिले तर या दोघांना त्यात जागा उरत नाही.

तेव्हा ताईंनी नातीला असे सांगावे : ‘पोप दुसरा अर्बन याने १०९५ साली जेरुसलेम घेण्यासाठी क्रुसेडची हाक दिली.’ आणि गीतेपाशी आल्यावर ‘धर्म्य’ हा शब्द तिला फळ्यावर लिहून, शेजारी ‘पथ्य’ लिहून दाखवावा.