लग्नाआधीचा करार आणि दोन घरांतले दोन कागद

"मॅडम, लग्नाआधीच करार करायचा म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही, असाच अर्थ ना?" हा प्रश्न विवाहपूर्व समुपदेशनासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांकडून, मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एका अनुभवातूनच द्यावेसे वाटते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दोघेही पुण्यात नोकरी करणारे. मुलाने स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला होता, त्याचे वीस वर्षांचे गृहकर्ज चालू होते आणि लग्नानंतर निम्मा हप्ता मुलगी भरणार, हे दोन्ही घरांनी गृहीत धरले होते. "हप्ता माझ्या पगारातून जाणार असेल, तर त्या घरात माझे काय, हे लिहून ठेवू या," एवढेच ती म्हणाली आणि साखरपुडा झालेले लग्न मोडायची वेळ आली. तिचे आजोळ मडगावचे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील विवाहविषयक तरतुदी आजही लागू आहेत. वेगळे काही ठरवले नाही तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि वेगळे ठरवायचे असेल तर ते लग्नाआधीच रीतसर लिहून द्यावे लागते. त्यामुळे तिच्या आईला या मागणीत वावगे काही दिसत नव्हते, तर मुलाच्या आईला तो घराण्याचा अपमान वाटत होता.

पहिल्या दोन भेटी कायदा आणि आकडेमोड यांतच गेल्या. माणूस पैशाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून त्याचे अख्खे घर बोलत असते, असे मी मानते, म्हणून तिसऱ्या भेटीत मी फ्लॅटचा विषय बाजूला ठेवून दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात कागद कधी झाला होता?"

मुलगी आधी बोलली. वडिलांच्या धंद्यासाठी आईचे दागिने गहाण पडले, ते सुटलेच नाहीत, आणि स्त्रीधनावर पूर्ण हक्क बाईचाच असूनही आईजवळ दाखवायला एक चिटोराही नव्हता. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे वाटणीपत्र झाले. त्या दिवसापासून काका आमच्या घरी जेवायला आले नाहीत."

त्याच्यासाठी कागद म्हणजे नाते संपल्याची खूण होती आणि तिच्यासाठी कागद नसणे म्हणजे आईची असहायता. दोघेही महिनाभर एकाच शब्दावरून भांडत होते, पण त्या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या माजघरातून आणला होता. मी त्याला विचारले, "तो कागद भांडणाच्या आधी झाला की नंतर?"

"नंतर," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, तिच्याकडे वळून म्हणाला, "आधी झाला असता तर कदाचित काका अजून येत असते."

इतक्या वर्षांच्या कामात मी असे क्षण मोजकेच अनुभवले आहेत. त्या वेळी समुपदेशकाने काहीही बोलू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे, आणि त्या दिवशी मी ते पाळले याचे मला आजही समाधान आहे.

पुढचे काम व्यवहाराचे होते, आणि हा भाग मी प्रत्येक जोडप्याला आवर्जून सांगते. महाराष्ट्रातील हिंदू जोडप्यांना लागू असणाऱ्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशा कराराची तरतूद नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा, म्हणजे समाजहिताला बाधक, करार रद्दबातल ठरतो; त्यामुळे लग्नाआधीचा करार न्यायालयात टिकेलच असे नाही. मात्र लग्नाआधीची मालमत्ता, कर्जे आणि कोणी किती हप्ते भरले याची स्वच्छ नोंद पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. फ्लॅटमध्ये खरोखर हिस्सा द्यायचा असेल, तर केवळ करार पुरत नाही, नोंदणीकृत दस्तच करावा लागतो. वर-वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची सह्यांसह लेखी यादी ठेवणे तर हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनीच सांगितले आहे, तरीही ती करणारी घरे मला फारशी भेटत नाहीत. दोघांनी आपापला वकील स्वतंत्र घ्यावा, शैक्षणिक कर्जापासून आईवडिलांना दरमहा पाठवायच्या रकमेपर्यंत काहीही लपवू नये, आणि हे सारे लग्नाच्या काही महिने आधी उरकावे. हातावर मेंदी असताना घेतलेल्या सहीत संमती किती आणि दडपण किती, हे सांगणे अवघड असते.

या मुलीने पहिल्या मसुद्यात मनाच्या मोठेपणाने लिहिले होते, "मी कधीही पोटगी मागणार नाही." तिच्या वकिलांनी ते वाक्य खोडले, कारण पोटगीचा हक्क असा आधीच सोडून देता येत नाही. होणाऱ्या मुलांचा ताबाही आधी ठरवता येत नाही, तो त्या वेळी मुलाचे हित पाहूनच ठरतो. मला विशेष वाटले ते मुलाने घातलेल्या कलमाचे: तिने बाळंतपणासाठी वा घरासाठी नोकरी थांबवली, तरी त्या काळातले हप्ते दोघांचेच धरायचे.

शेवटची ओळ दोघांनी मिळून लिहिली. दर दिवाळी पाडव्याला, ओवाळणी झाल्यावर, हा कागद काढून एकत्र वाचायचा आणि काही बदलावेसे वाटले, तर त्याच दिवशी ते बोलायचे.