नागपूरचे घर, पुण्याचे भाडे

प्रश्न : मी नागपुरात खासगी नोकरी करतो. कंपनीने २५ टक्के पगारवाढ देऊन पुण्याला बदली देऊ केली आहे. नागपुरात घर स्वतःचे आहे, पत्नी घरी शिकवण्या घेते आणि दोन मुले शाळेत आहेत. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आकड्यांत दोन्ही शहरांत फारसे अंतर दिसले नाही. ही वाढ पुरेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्या आकड्यांवर आपण विसंबला आहात, ते या प्रश्नासाठी नाहीतच. औद्योगिक कामगारांसाठीच्या या निर्देशांकात प्रत्येक केंद्राची २०१६ सालची पातळी १०० धरलेली आहे. त्या वर्षी पुण्यातले घरभाडे नागपूरच्या कितीही पट असले, तरी दोन्ही शहरांची सुरुवात शंभरापासूनच होते. त्यामुळे त्या शहरात महागाई किती वाढली हे त्यावरून कळते, कोणते शहर अधिक महाग आहे हे कळत नाही.

किराणा, गॅस, औषधे यांत आपल्याला मोठा फरक जाणवणार नाही. विजेचा दरही दोन्हीकडे महावितरणचाच आहे. उलट मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालला की नागपूरचे बिल १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे ओलांडून महागड्या दरात जाते, तेवढा दिलासा पुण्यात मिळेल.

खरा प्रश्न घराचा आहे. आज आपण भाडे देत नाही. समजा पगार ६०,००० रुपये आहे. वाढ १५,००० रुपयांची, त्यातूनही कर आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जाऊन हाती त्याहून कमीच येणार. वाकड-बाणेरच्या बाजूला एवढ्यात टू बीएचके मिळणे कठीण, आणि अनामत रक्कम व दलाली सुरुवातीलाच द्यावी लागते. नागपूरचे घर भाड्याने दिल्यास काही भरपाई होईल, पण देखभाल आणि मालमत्ता कर आपल्याकडेच राहतील. स्वस्त म्हणून वाघोली किंवा उंड्रीकडे घर पाहिलेत, तर सोसायटीला पाण्याचे टँकर घ्यावे लागतात का आणि त्याची वर्गणी कोण भरतो, हे करार करण्यापूर्वीच विचारा. शिवाय कार्यालय हिंजवडीला असेल, तर तिथून रोज जाणे म्हणजे पेट्रोल आणि दिवसाचे कित्येक तास.

आपल्या पत्रात ज्याचा हिशेब नाही, ती गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्नीच्या शिकवण्या ओळखीपाळखीतून उभ्या राहिल्या असणार. नव्या गावात विद्यार्थी जमायला वेळ लागतो आणि तोवर ते उत्पन्न जवळजवळ थांबते. मुलांचे प्रवेश शुल्क, गणवेश, बस हाही खर्च नव्याने येतो. पहिल्या वर्षाचा हिशेब टक्क्यांत न मांडता रुपयांत, पत्नीसोबत बसून मांडा. माझ्या मते केवळ २५ टक्क्यांवर होकार देऊ नये. कंपनीकडे स्थलांतराचा खर्च आणि निदान वर्षभराचा घरभाड्यातला फरक मागावा, आणि बदली शाळा संपल्यावर, जूनपूर्वी मिळावी असा आग्रह धरावा.

प्रश्न : मी केंद्र सरकारी कर्मचारी आहे. रत्नागिरीहून मुंबईला बदली झाली, तर वाढीव घरभाडे भत्त्यात भागेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जाईल, ४०,००० मूळ वेतनावर ४,००० चे १२,००० होतील. एवढ्या रकमेत कुटुंबासाठी घर शोधताना विरार किंवा बदलापूरपर्यंत जावे लागेल. लोकलचा मासिक पास स्वस्त आहे, म्हणून पैशांचे गणित तिथे जुळू शकते. सरकारी निवासस्थानासाठी मात्र रुजू होताच अर्ज करा.