विनोदी नाटकाला सगळे हसत होते, मला मात्र तुटक हसू आलं. चूक माझी की नाटकाची?

प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच नाट्यगृहात जाऊन विनोदी नाटक पाहिलं. जागा बाल्कनीच्या खाली, मागून दुसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला. पोहोचायला दहा-बारा मिनिटं उशीर झाला. लोक पोट धरधरून हसत होते, मला मात्र मधूनमधूनच हसू आलं. हीच नाटकं मोबाइलवर बघताना मजा येते. मला विनोद कळत नाही, की नाटकच सुमार होतं?

उत्तर: नाटक सुमार होतं की नाही, हे तुम्ही बसला होतात तिथून ठरवणं अवघड आहे. उशीर, बाल्कनीखालची जागा आणि डावं टोक, या तिन्ही गोष्टी विनोदी नाटकाला फार महाग पडतात. गंभीर नाटक टोकाला बसूनही बऱ्यापैकी पोचतं. फार्स, म्हणजे गैरसमज, थापा आणि पळापळीवर चालणारं विनोदी नाटक, पोचत नाही.

आधी उशिराचं. फार्सची पहिली पंधरा-वीस मिनिटं दिसायला साधी असतात, पण सगळी पेरणी तिथेच झालेली असते. कोण कुणाचा मेहुणा म्हणून राहतोय, कुठली बॅग कुणाची, डावं दार बेडरूमचं की स्वयंपाकघराचं, फोनवर कुणाला काय थाप मारली. पुढचे दोन तास याच भांडवलावर चालतात. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. १९१६ साली ते संगीत नाटक म्हणून आलं. त्याआधीचं त्याचं गद्य रूप 'तसबिरीचा घोटाळा' या नावानं ओळखलं जायचं, आणि त्या नावातच सगळी किल्ली आहे. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली एका परक्या पुरुषाची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव बघतो. एवढ्याशा अवधीत नवराबायकोचे दोन उलटसुलट संशय उभे राहतात आणि बाकीचं नाटक त्यांच्यावर तरतं. ती तसबीर जमिनीवर पडताना ज्यानं पाहिली नाही, त्याला पुढे फाल्गुनराव नुसता आरडाओरडा करणारा म्हातारा वाटेल. 'मोरूची मावशी'चंही तेच. मावशी झालेला बाप्या साडी नेसण्याआधी तुम्ही पाहिलेला असला पाहिजे, नाहीतर समोर फक्त एक विचित्र बाई असते.

म्हणून तिसऱ्या घंटेच्या, म्हणजे पडदा वर जाण्याआधीच्या शेवटच्या इशाऱ्याच्या आत खुर्चीत बसा. जाहिरातीतल्या वेळेनंतर पाच-दहा मिनिटांनी पडदा वर जाणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण त्या भरवशावर घरून निघू नका. उशीर झालाच, तर दाराशीच उभे राहा आणि मोठा हशा पिकला की त्या आवाजात जागेवर जा. शांत संवाद चालू असताना मोबाइलचा उजेड पाडत रांगेतून सरकलात, तर तुमच्यासोबत आणखी पंधरा-वीस जणांचं वाक्य जातं.

आता बाल्कनीची गोष्ट. तिच्या छताखाली जितके मागे जाल तितका आवाज दबतो, कारण वरून परतून येणारा आवाज तिथपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच नाटकांत अजून रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले आणि वर टांगलेले माइकच वापरतात. नट पुढे असला की आवाज ठणठणीत, मागच्या दाराशी गेला की निम्मा. विनोदी वाक्याचा जीव बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन शब्दांत असतो, आणि नट नेमका ते शब्द टाकत एक्झिट घेत असतो, म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ, तोंड विंगेकडे (रंगमंचाच्या कडेच्या आडोशाकडे). पुढच्यांना ते ऐकू जातं, ते हसतात, आणि मागचा माणूस शेजाऱ्याला विचारतो, "काय म्हणाला?" या दोन शब्दांत पुढचं वाक्यही जातं.

डाव्या टोकाचा हिशेब निराळा. घराचा दिवाणखाना दाखवणारा सेट म्हणजे मागची एक भिंत आणि पुढे किंचित उघडत आलेल्या दोन बाजूच्या भिंती. दारं बहुतेक या बाजूच्या भिंतींत असतात. डावीकडे बसलेल्याला उजवी भिंत नीट दिसते, पण डावी जवळजवळ कडेनं दिसते. डाव्या दारातून कुणी नुसती मान आत घातली की मधले लोक हसतात. तुम्हाला तो माणूस दिसतो तो आणखी दोन पावलं आत आल्यावर, तोवर हशा ओसरलेला असतो. तुमचं 'तुटक' हसू बहुधा असंच तुटलं. शिवाय टोकाच्या माणसाच्या एका बाजूला भिंत असते. हसू पसरतं ते अंगाला अंग लागून. चारही बाजूंनी खिदळणारी माणसं असली की बेताच्या कोटीलाही आपण हसतो. याला कुणी फसवणूक म्हणो, मला तो तिकिटाचाच भाग वाटतो.

मग मोबाइलवर मजा का येते? तिथे कुणाकडे बघायचं हे कॅमेऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. नाट्यगृहात ते काम तुमच्याकडे येतं आणि नवखा प्रेक्षक बोलणाऱ्याकडेच बघत राहतो. वाक्य एकाचं असतं, लाफ्टर, म्हणजे हशा मात्र पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. नवरा थाप मारत असतो तेव्हा सोफ्यावर बसलेल्या सासऱ्याकडे बघा: पेपर किती खाली आला, चहाचा कप तोंडापाशी कुठे थबकला. चांगला सहनट अशा वेळी जवळजवळ काहीच करत नाही. तो हातवारे करायला लागला, तर समजा की समोरच्याचा लाफ्टर खातोय.

नाटकाची पारख करायचीच असेल, तर हशा संपताना नट काय करतो ते बघा. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरतो. अर्ध्याहून थोडा जास्त उतरला की पुढचं वाक्य यायला हवं. पूर्ण शांतता होऊ दिली तर लय बसते आणि पुढची कोटी थंड जमिनीवर पडते. घाईनं आधीच बोललं, तर पुढच्या विनोदाची तयारी करून देणारं वाक्य कुणाला ऐकूच जात नाही. दोन विनोद एकदम वाया. मधल्या वेळात नट पुतळ्यासारखा उभाही राहू शकत नाही. जाणता नट त्या दोन-तीन सेकंदांत चष्मा पुसतो, पाण्याचा तांब्या सरकवतो, दाराकडे एक नजर टाकतो, आणि हे सगळं त्या पात्राला शोभेल असं करतो. हे अंतर रोजच्या प्रयोगाला बदलतं, कारण रोजचा प्रेक्षक बदलतो. तालमीत ते पक्कं करता येत नाही. थेट प्रयोग बघण्यातलं खरं कसब मला इथे दिसतं.

बिघडतं कुठे तेही सांगतो. पहिलं म्हणजे ॲडिशन. प्रयोग वाढले की नट संहितेबाहेरची वाक्यं घालतात. पुण्यात दुपारच्या झोपेवर, ठाण्यात ट्रॅफिकवर, नाशकात आणखी कशावर. एखाद-दुसरी गंमत आणते. (आपल्याकडे संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्या हिशेबानं ही वाक्यं बिनपरवान्याचीच.) पण ती वाढत गेली की अडीच तासांचं नाटक पावणेतीन तासांवर जातं, आणि त्याच नाट्यगृहात पुढचं सत्र दुसऱ्या नाटकाला दिलेलं असतं, त्यांचा सेट लागायचा असतो. मग कात्री कुठे लागते? दुसऱ्या अंकाच्या शेवटी. जिथे सगळ्या थापा एकमेकींवर आदळायच्या, तिथेच नट धावत सुटतात. मध्यंतरानंतर नाटक 'पडलं' असं लोक म्हणतात, त्याचं कारण कधीकधी पहिल्या अंकात उधळलेली ती पंधरा मिनिटं असतं.

दुसरं, नटाला स्वतःलाच हसू फुटणं. एकदा खरंच फुटलं तर प्रेक्षकांना ते आवडतं, आपण काहीतरी खाजगी पाहिलं असं वाटतं. रोज त्याच वाक्याला फुटत असेल तर तो बसवलेला प्रकार आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कळणार कसं? खरं हसू आलेला नट पाठ फिरवतो, ओठ चावतो, लपवू पाहतो. बनावट हसणारा प्रेक्षकांकडे तोंड करून हसतो.

तिसरं, आरडाओरडा. सगळी पात्रं सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत असली, तर खऱ्या गोंधळाच्या वेळी चढायला जागाच उरत नाही.

मुद्दाम बसवलेली चूक आणि खरी चूक यांतला फरक ओळखण्यातही मौज आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'चा सगळा डोलाराच पहिल्या प्रकारावर उभा आहे. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक करायला निघतात आणि मालवणीत एकेक गोष्ट फिसकटत जाते. तिथली प्रत्येक चूक तालीम करून घोटलेली. अशी चूक होते तेव्हा प्रकाश आणि संगीत बरोबर वेळेवर असतात. खरी चूक झाली, म्हणजे दार उघडलंच नाही किंवा फोन उचलल्यावरही वाजत राहिला, तर क्षणभर सगळ्या नटांच्या नजरा एकमेकांकडे जातात आणि मग कुणीतरी एक जण सूत्र हातात घेतो. तो कोण, हे बघून ठेवा. त्या संचातला सर्वांत पक्का नट बहुधा तोच.

एकाच नटाच्या अनेक भूमिका असतील तर डोळे आणखी उघडे ठेवा. २००२ साली आलेल्या 'सही रे सही'त भरत जाधव चार भूमिका करतात. एका बाजूनं गेलेला माणूस बघता बघता वेगळ्या वेषात अवतरतो आणि टाळी पडते. अशा झटपट वेशबदलाचं तंत्र साधारण असं: आतला कपडा आधीच अंगात, वरच्याला बटणांऐवजी वेल्क्रो, विंगेत ड्रेपरीवाला, म्हणजे कपडेपट सांभाळणारा, कपडा उघडून तयार, आणि नट कपड्यांत अक्षरशः शिरतो. गरज पडली तर पाठमोरा दिसायला त्याच अंगकाठीचा दुसरा माणूस. हे चालू असताना रंगमंचावर उरलेली पात्रं बोलत असतात, आणि ते बोलणं भरताड वाटता कामा नये. ते वीस सेकंद कंटाळवाणे झाले, तर वेशबदल कितीही चपळ असो, लेखक-दिग्दर्शक तिथे कमी पडले.

आणि प्रेक्षक. रविवारी दुपारचा भरलेला प्रयोग आणि आठवड्याच्या मधल्या वारी अर्धं रिकामं नाट्यगृह, यांत तेच नाटक दोन वेगळी नाटकं वाटतं. मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की हशा जोडला जात नाही, बेटाबेटांनी फुटतो. कॉन्ट्रॅक्टचा प्रयोग असेल, म्हणजे एखाद्या मंडळानं किंवा पतपेढीनं सगळं नाट्यगृह घेतलं असेल, तर सगळे एकमेकांना ओळखणारे असतात. तिथे हसणं दणदणीत, पण गप्पाही तेवढ्याच. पहिल्या नाटकासाठी अशा प्रयोगाचा पास घेऊ नका.

पुढच्या वेळी बुकिंग करताना प्लॅनवर पाचव्या ते दहाव्या रांगेतल्या मधल्या दहा-बारा खुर्च्या बघा. अगदी पहिल्या दोन रांगा टाळा. रंगमंच उंच असतो, मान वर करून बसावं लागतं, नटांची पावलं दिसत नाहीत आणि दोन्ही टोकांच्या दारांवर एकदम नजर ठेवता येत नाही. सगळं बघायला टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरते. पैसे वाचवायचे असतील तर खालच्या मागच्या रांगांपेक्षा बाल्कनीची पहिली रांग, मधोमध, केव्हाही बरी. तिथून चेहरे लहान दिसतात, पण पळापळीची आखणी स्वच्छ दिसते आणि डोक्यावर छत नसल्यानं आवाजही मोकळा येतो. सोबत कमी ऐकू येणारं कुणी वडीलधारं असेल तर मात्र तिसरी-चौथी रांगच घ्या, मानेचा त्रास परवडला.

तेच नाटक पुन्हा लागलं तर एकदा अशा जागेवरून बघा, आणि पहिल्या घंटेला आत जा. पडदा वर गेला की आधी दारं मोजा.