रिव्ह्यूअर म्हणतो ‘इंग्रजी सुधारा’. पैसे नेमके कशाचे मोजायचे?

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे, चौथं वर्ष चालू आहे. सोयाबीनच्या तांबेऱ्यावरचा माझा पहिला पेपर जर्नलनं ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा द्या) म्हणून परत पाठवलाय. एका रिव्ह्यूअरनं, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञानं, लिहिलंय की इंग्रजी कमकुवत आहे, ‘नेटिव्ह स्पीकर’कडून (इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून) तपासून घ्या. एक एजन्सी 28,000 रुपयांत एडिटिंग, प्लेजरिझम (दुसऱ्याच्या लेखनाशी जुळणारा मजकूर) कमी करणं आणि ‘स्कोपस जर्नलमध्ये छापून येण्याची हमी’ (स्कोपस म्हणजे निवडक जर्नलांची सूची) असं पॅकेज देतेय. ओळखीचे इंग्रजीचे एक प्राध्यापक 3,000 रुपयांत करून देतो म्हणतात. वडील म्हणतात, पैशाकडे बघू नकोस, पण थीसिस अडकायला नको. काय करू? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : एजन्सीचं पॅकेज घेऊ नका. तुमचा पेपर नाकारलेला नाही, संपादकाला तो पुन्हा बघायचाय. तो तिथे विचाराधीन असताना एजन्सीनं दुसरीकडे धाडला, तर ते दुहेरी सबमिशन ठरतं आणि दोन्हीकडून बाद होण्याची वेळ येते. शिवाय छापून येण्याची हमी एडिटिंग करणारा देऊच शकत नाही. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर या जर्नलं काढणाऱ्या प्रकाशकांच्या स्वतःच्या एडिटिंग सेवा आहेत. ही सेवा घेतली म्हणून पेपर स्वीकारला जाईलच असं नाही, हे तेही सांगतात. मग एजन्सीची हमी कशाच्या जोरावर? बहुतेकदा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलच्या, नाहीतर खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (ओळख क्रमांक) उचलून उभ्या केलेल्या नकली वेबसाइटच्या.

‘प्लेजरिझम कमी करणं’ त्याहून घातक. या कामात बऱ्याचदा सॉफ्टवेअरनं शब्द बदलले जातात. 2021 मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गिओम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेपरांतले नमुने उघड केले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बोझम पेरिल’! असे शब्द शोधणारी साधनं आता आहेत आणि त्यावरून छापलेले पेपर मागेही घेतले गेलेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सर्वज्ञात किंवा योगायोगानं जुळणारी सलग 14 शब्दांपर्यंतची रचना मोजणीतून वगळलेली आहे. त्यामुळे ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ या प्रयोगाची पद्धत सांगणाऱ्या भागातली ठरावीक वाक्यं जुळली म्हणून घाबरू नका. साम्य जास्त असेल तर उतारा बाजूला ठेवून, मूळ पेपर बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या. आणखी एक : बाहेरच्या कुणी तुमचा मजकूर तपासताना तो टर्निटिनसारख्या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा केला, तर पुढच्या तपासणीत तुमचाच थीसिस तुमच्याच मजकुराशी जुळलेला दिसू शकतो.

थीसिस अडकण्याचं म्हणाल, तर यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांनी थीसिस देण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठं आपापल्या अटी ठेवू शकतात, म्हणून पीएचडी विभागातून तुमच्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेलं परिपत्रक मागून घ्या. वडिलांनाही ते दाखवा.

आता एडिटिंग. ते घ्यावं, पण आधी रिव्ह्यूअरांचे सगळे शेरे छापून दोन रंगांनी खुणा करा. ‘वाक्य समजत नाही’, ‘काळ चुकलाय’ हे एका रंगात. ‘रेप्लिकेशन किती?’ (प्रयोग किती वेळा केला), ‘ही चाचणी का निवडली?’, ‘निष्कर्ष आकड्यांपेक्षा पुढे जातो’ हे दुसऱ्या रंगात. दुसरा रंग जास्त असेल आणि तुम्ही भाषेवर पैसे ओतलेत, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ते काम तुमचं, गाइडचं आणि लागलं तर संख्याशास्त्रज्ञाचं. विस्कळीत मांडणीलाही रिव्ह्यूअर ‘इंग्रजी वाईट’ म्हणून मोकळे होतात, हेही ध्यानात असू द्या.

बाजारात तीन वेगळी कामं एकाच नावानं विकली जातात. प्रूफरीडिंगमध्ये टायपिंगच्या आणि विरामचिन्हांच्या चुका जातात. कॉपी एडिटिंगमध्ये वाक्यरचना, संज्ञांची एकवाक्यता, जर्नलची शैली बघतात. त्यापुढच्या सबस्टँटिव्ह एडिटिंगमध्ये परिच्छेदांचा क्रम आणि युक्तिवादातल्या फटी दाखवून देतात. तुम्हाला विषय जाणणाऱ्या माणसाकडून कॉपी एडिटिंग हवंय. ‘नेटिव्ह स्पीकर’ शब्दशः घेऊ नका. ‘एडिटेज’ ही एडिटिंग सेवा चालवणारी कॅक्टस कम्युनिकेशन्स मुंबईचीच आहे आणि तिच्याकडे जगभरचे संशोधक पेपर पाठवतात. स्वतंत्रपणे काम करणारा संपादक घेणार असाल, तर जीवशास्त्राच्या संपादकांसाठी ‘बेल्स’ या संस्थेची परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेली असणं ही चांगली खूण, पण अट नव्हे.

विषय का जाणावा लागतो? इन्सिडन्स म्हणजे शेकडा किती झाडांना रोग लागला, सिव्हिअरिटी (तीव्रता) म्हणजे पानाचा किती भाग रोगानं व्यापला. चांगलं इंग्रजी लिहिणारा पण रोगशास्त्र न जाणणारा माणूस पुनरुक्ती टाळायला एकाच्या जागी दुसरा शब्द घालतो, आणि तुमचा तक्ता मजकुराशी भांडायला लागतो. तुम्ही लिहिलेलं असतं की आर्द्रता तीव्रतेशी ‘असोसिएटेड’ होती. त्याला ते लुळं वाटतं आणि तो ‘इन्क्रीज्ड’ करतो. झालं, सहसंबंधाचा कार्यकारणभाव झाला, आणि त्याचा जाब रिव्ह्यूअर तुम्हाला विचारणार. ‘सिग्निफिकंट’च्या जागी ‘कन्सिडरेबल’ आलं की संख्याशास्त्रीय अर्थच गेला. ओळखीच्या प्राध्यापकांना पेपर द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण सोबत न बदलायच्या वीस-पंचवीस संज्ञांची यादी द्या. तांबेऱ्याच्या बुरशीचं नाव पहिल्यांदा पूर्ण ‘फॅकोप्सोरा पॅकीरायझी’, पुढे ‘पी. पॅकीरायझी’, दोन्ही तिरप्या अक्षरात, हेही त्यातच लिहा.

निवड नमुन्यावरून करा. डिस्कशनमधला (निष्कर्षांच्या चर्चेतला) सर्वांत अवघड, साधारण 300 शब्दांचा तुकडा दोघा-तिघांना पाठवा. ॲब्स्ट्रॅक्ट (सारांश) पाठवू नका, तो तुम्ही आधीच घासूनपुसून ठेवलेला असतो. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत ठेवणारी सोय) चालू ठेवूनच परत मागा. आलेल्या तुकड्यात दुरुस्त्यांपेक्षा समासातले प्रश्न आधी वाचा : ‘इथे तीव्रता म्हणायचंय का?’, ‘हा आकडा तक्ता 2 शी जुळत नाही’. एकही प्रश्न न विचारता सगळं गुळगुळीत करून देणारा माणूस नको. ट्रॅक चेंजेस द्यायलाच नकार असेल तर पुढे बोलणीच नकोत.

दर शब्दावर ठरतो. कुणी शब्दाला 2 रुपये सांगितले तर 6,000 शब्दांचे 12,000 होतात, कंपनी असेल तर वर 18 टक्के जीएसटी. म्हणून संदर्भयादी आणि तक्ते मोजणीत धरतात का, रिव्ह्यूअरांना द्यायच्या उत्तरानंतर बदललेले परिच्छेद पुन्हा बघतील का, आणि मजकूर एआय साधनात टाकतील का, हे ईमेलवर लेखी घ्या. तुमचा डेटा अजून अप्रकाशित आहे. एआयच्या वापराबद्दल जर्नलांचे नियम सारखे नाहीत. लेखकांसाठीच्या सूचना वाचून, सांगायचं असेल तर सांगून टाका. फेलोशिप असेल तर हा खर्च कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेत) बसतो का ते आधी विचारा आणि बिल तुमच्या नावानं घ्या.

क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. आधी शास्त्रीय दुरुस्त्या, मग गाइड आणि सहलेखकांची संमती, मग काटछाट, आणि एडिटिंग सगळ्यात शेवटी. नंतर तुम्ही दोन परिच्छेद नव्यानं लिहिलेत, तर मिळालेलं एडिटिंगचं प्रमाणपत्र त्या परिच्छेदांना लागू नसतं. परत आलेल्या फाइलवर ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबू नका. प्रत्येक बदल वाचून स्वीकारायला 6,000 शब्दांना दोन-तीन दिवस सहज लागतात, तेवढे जर्नलच्या मुदतीतून आधीच बाजूला काढा. मुदत अपुरी वाटत असेल तर संपादकांना आत्ताच नम्रपणे वाढवून मागा. रिव्हिजनला बहुतेक जर्नलं देतात.

भाषा तपासणाऱ्याचं नाव लेखकांत जात नाही. त्याची परवानगी घेऊन आभारात एक ओळ लिहा. कुणी पैसे घेऊन जादा लेखकाचं नाव घालायला सुचवलं, तर तो ईमेल जपून ठेवा आणि गाइडना दाखवा.