चॉप सोडायचा नाही

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, मी वाचला आणि फोन उलटा ठेवून झोपलो. रागावलो नव्हतो, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर वाकडं दिलं असतं. आता चहा घेऊन बसलोय. लांबण लागणार आहे, सवड असेल तेव्हा वाच.

चार स्क्रीन भरून लिहिलंयस की रविवारी चर्चमध्ये या अमेरिकन आजोबांच्या घरच्या बँडबरोबर येशूची गाणी म्हणताना खोटं वाटतं, आम्ही सांगलीचे, घरात गणपती, आणि इथे उभं राहून त्याच्या रक्ताने माझी पापं धुतली म्हणायचं म्हणजे काय वगैरे. आणि मग शेवटी, जाता जाता, एक ओळ. शनिवारी फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या आपल्या जॅमला, आजोबांनी बारा वर्षांच्या नातवाला दोन ब्रेक दिले आणि तुला एकही नाही. अगं, तुझा प्रश्न त्या एका ओळीत आहे. येशूला उगाच मधे आणू नकोस, त्याचं आपण शेवटी बघू.

ब्रेक म्हणजे सोलो, एकट्याने चाल वाजवायची पाळी, हे पहिल्या जॅमला मीच तुला सांगितलं होतं, आठवतंय? तू हसली होतीस, म्हणालीस आपल्याकडे ब्रेक म्हणजे थांबायचं आणि इथे ब्रेक लागला की सुटायचं. आणि चॉप म्हणजे काय ते तुला आजोबांनी मँडोलिनवर दाखवलं, तारा दाबायच्या, मारायच्या आणि लगेच बोटं सैल सोडायची, सूर नाही काढायचा, नुसता ‘चक्’. चार मात्रांत बास एक आणि तीनवर, तू दोन आणि चारवर. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे आपण वाजवतो त्या इथल्या डोंगरी संगीतात, ड्रम नसतात, ड्रम तूच आहेस. तीन मिनिटांच्या गाण्यात ब्रेक वीस सेकंदांचा, बाकीचा सगळा वेळ ‘चक् चक्’. हे तुला कंटाळवाणं वाटतंय, बरोबर? मी दहा वर्षं व्हायोलिन शिकले आणि मला ढोलकी करून ठेवलंय, हे तुझेच शब्द.

तर ऐक. चॉप सोडायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढे जे लिहीन ते याचंच दळण आहे.

फिडल, म्हणजे इथलं व्हायोलिन, आजोबांच्या नातीकडे, बॅन्जो आजोबांकडे, गिटार जावयाकडे, म्हणून तुला उरलेलं मँडोलिन दिलं, याचा अपमान वाटतो तुला. (ट्यूनिंग पाश्चात्त्य व्हायोलिनचंच असतं हे बरंय, नाहीतर आपलं सा-प लावून बसली असतीस.) अगं, हे वाद्य या संगीतात आलंच उरलेलं म्हणून. बिल मन्रो, केंटकीतल्या रोझीनचा, भावंडांत शेंडेफळ. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच पकडलेली, याच्या वाट्याला मँडोलिन, आणि तेही आठातल्या चार तारा काढून, का तर फार आवाज करू नये म्हणून! त्याच माणसाने पुढे 1939 ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात जाऊन असा चॉप मारला की सगळ्या संगीतालाच त्याच्या बँडचं, ‘ब्लू ग्रास बॉईज’चं, नाव पडलं. आणि डेल मॅककौरी, आज ब्लूग्रासमधला मोठा गायक, 1963 ला त्याच मन्रोकडे बॅन्जो घेऊन गेला तर मन्रोने त्याच्या हातात गिटार दिली आणि गायला उभं केलं. नाही म्हणाला असता तर? आज त्याच्या बँडमध्ये एक मुलगा मँडोलिनवर आहे, दुसरा बॅन्जोवर. मँडोलिनवाला, रॉनी, 14 वर्षांचा असताना बापाच्या बँडमध्ये आला. त्या वयाच्या पोराने पहिल्या दिवशी काय वाजवलं असेल? ब्रेक?

तू कार्टर फॅमिलीचं विचारलंस, की त्यांच्यात कुठे असं होतं, तिथे सगळे स्टारच की. हे वाचून मात्र मी खरंच वैतागलो. हिल्टन्सला फोल्डवर, कार्टरांच्या गाण्याच्या हॉलमध्ये, तुला दोनदा नेलं, भिंतीवरचे सगळे फोटो दाखवले, तू फोनमध्ये बघत होतीस.

परत सांगतो. 31 जुलै 1927 ला ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि त्याची भावजय मेबेल व्हर्जिनियातल्या क्लिंच डोंगराच्या पायथ्याहून रेकॉर्डिंगसाठी ब्रिस्टॉलला निघाले. गाडी भावाची, म्हणजे मेबेलच्या नवऱ्याची, आणि ती मिळवायला ए. पी.ने भावाच्या मक्यातलं तण काढून द्यायचं कबूल केलेलं. साराच्या कडेवर तान्हं पोर, त्याला सांभाळायला आठ वर्षांची मुलगी बरोबर, मेबेल 18 वर्षांची आणि दिवस भरत आलेले, पोटावर गिटार. दोन दिवसांत सहा गाणी, गाण्याला 50 डॉलर. आज त्याला कंट्री म्युझिकचा जन्म म्हणतात, म्युझियम बांधलंय, ते सगळं ठीक. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. पुरुष कोण होता त्या बँडचा? ए. पी. गाणी शोधून आणायचा, मोठं काम, पण रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी साहेब माईकसमोर नव्हतेच, दोघी जावांनीच दोन गाणी केली. आणि स्टेजवर पण त्याच्या मनात आलं तर सूर लावायचा, नाहीतर इकडे तिकडे फिरायचा. गाणं मधेच कधी पडलं नाही कारण मेबेल. अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर चाल वाजवायची आणि त्याच हाताच्या बोटांनी वर ताल घासायचा, म्हणजे चॉप आणि ब्रेक एकाच हातात. अर्धी अमेरिका तिच्यावरून गिटार शिकली. तिने ताल सोडून चाल वाजवली नाही, ताल धरून वाजवली. परत वाच ते वाक्य.

आणि पुढे बघ. ए. पी. आणि साराचं मोडलं, घटस्फोट झाला, तरी हे तिघं एकत्र गात राहिले, टेक्सासच्या सीमेपलीकडल्या मेक्सिकोतल्या रेडिओवरून अर्ध्या खंडाला ऐकू जायचे. विचार कर, ज्याच्याशी घरात बोलणं बंद त्याच्याबरोबर एका माईकवर सूर जुळवायचा! सारा 1939 ला दुसरं लग्न करून शेवटी कॅलिफोर्नियाला गेली, 1940 च्या दशकात ते तिघांचं गाणं थांबलं. मग मेबेलने काय केलं, तीन मुली घेतल्या, हेलन, जून, अनिता, आणि परत उभी राहिली, 1950 ला ऑप्रीवर. पुढे काम आटलं तेव्हा नॅशव्हिलमध्ये रात्रपाळीला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा पण केली तिने. आणि इकडे डोंगराखाली ए. पी. आणि साराची मुलगी जॅनेट, वडिलांना दिलेला शब्द म्हणून 1974 ला त्यांच्या जुन्या दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले, शेजारी भावाने म्हणजे जोने हॉल बांधला, तोच फोल्ड. दारू नाही, वाद्यांना वायर नाही. जॅनेट गेली 2006 ला, शनिवार अजून चालू आहे. याला चॉप म्हणतात. दोन आणि चार, दोन आणि चार, पन्नास वर्षं.

रक्ताचं नातं नाही म्हणून मला ब्रेक नाही, असं तुझं म्हणणं. घरच्या आवाजांना ब्लड हार्मनी म्हणतात, ते खरंय, बहिणी-बहिणी गायल्या की शब्दाचा शेवट एकत्र पडतो तसा आपला पडत नाही. पण कार्टरांची कितीतरी गाणी लेस्ली रिडलच्या कानातून आलेली आहेत. किंग्सपोर्टचा काळा गिटारवाला, सिमेंट फॅक्टरीत पाय गमावलेला. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडलने डोक्यात ठेवायची, दोघं घरोघरी हिंडायचे, त्या काळात, या भागात. तो कुठे घरचा होता? त्याचं नाव रेकॉर्डवर आलं नाही, यावर तू म्हणशील बघा, हेच तर मी म्हणतेय. हो. ते चुकीचंच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण रिडलने गाणं सोडलं असतं तर आज कोणाकडे काय असतं.

आता माझं. तुला वाटतं काका गेली वीस वर्षं त्यांच्याकडे सुखाने बास वाजवतायत. नाही. मी एकदा सोडलेलं आहे. आजोबांनी भर फायर हॉलमध्ये मला सांगितलं, यू आर रशिंग, तालात घाई करतोस, सगळ्यांसमोर, आणि मी दुसऱ्या आठवड्यापासून गेलो नाही. ऑफिसातले चौघं मिळून आमचा बँड काढला, सगळे इंजिनीअर, सगळ्यांना ब्रेक पाहिजे, चॉप कोणालाच नको. चौदा महिन्यांत बंद. 5 जुलै 2003 ला जॉनी कॅश फोल्डवर गायला, त्याची बायको, मेबेलची मुलगी जून, मे महिन्यात गेलेली, तो स्वतः सप्टेंबरमध्ये जाणार होता, आणि मी अर्ध्या तासाच्या अंतरावर एका गॅरेजमध्ये या चौघांशी कोणाचा सोलो आधी यावर भांडत बसलो होतो. हे मी कोणाला सांगत नाही. परत गेलो तेव्हा बास आजोबांच्या पुतणीकडे होता. वर्षभर मी वाद्यांच्या केसेस उचलल्या आणि सीडी विकायच्या टेबलावर बसलो. अजूनही ती आली की मी टेबलावरच असतो, बघितलंच असशील.

आणि त्याच्याही आधीचं एक आहे. आमच्याकडे मालवणात डबलबारीचं भजन, माझे आजोबा बुवा, वडील पखवाज, भाऊ कोरसात, माझ्याकडे झांज. झांजवाल्याकडे कोण बघतं? 23 व्या वर्षी निघालो तेव्हा वडील म्हणाले जा, आणि झांज चुलतभावाला दिली, तिथल्या तिथे, मी उंबऱ्यात असतानाच. चुकलो का? घरात पैसे कोणीतरी पाठवायलाच हवे होते, पखवाजाची पानं माझ्याच पैशांनी बदलली, मंडळाचा साउंड सिस्टीम माझाच आहे. भाऊ हे कधी बोलून दाखवत नाही पण त्याला माहीत आहे. असो, विषय तुझा आहे.

तुझा विषय म्हणजे, आता सांगूनच टाकतो, तुला ब्रेक देऊ नका हे आजोबांना मी सांगितलं. मार्चमध्ये. त्यांनी विचारलं होतं, ही पोरगी तयार आहे का, आणि मी म्हणालो डिसेंबरपर्यंत थांबा. कारण तू ब्रेकची वाट बघत चॉप मारतेस, आणि ते ऐकू येतं, ब्रेक जवळ आला की तुझा चॉप घाई करतो, हुबेहूब माझ्यासारखा. रागव. मला दोन शिव्या दे मेसेजवर, मराठीत दे, इथे कोणाला कळत नाहीत. पण तेव्हा माझ्याबाबतीत असं कोणी थांबा म्हणालं असतं तर मी गॅरेजमध्ये गेलो नसतो असं मला वाटतं. कदाचित गेलोही असतो.

राहिला येशू. मी वीस वर्षं म्हणतोय, देव्हाऱ्यात विठोबा आहे, दोघांपैकी कोणी तक्रार केलेली नाही. पण तुला खरंच जड जात असेल तर शब्द म्हणू नकोस, आजोबांना सरळ सांग, ते समजतील, त्यांची स्वतःची बहीण दुसऱ्या चर्चला जाते आणि कित्येक वर्षं तिकडची गाणी म्हणत नाही. मात्र वाजवायचं सोडू नकोस, कारण गॉस्पेल क्वार्टेटला, चौघं मिळून येशूचं गाणं म्हणतात तेव्हा, आजोबा बॅन्जो खाली ठेवतात, जुनी रीत आहे ती, मन्रोपासूनची, फक्त गिटार आणि मँडोलिन. म्हणजे रविवारी त्या चार आवाजांखाली गिटार सोडली तर तू एकटी आहेस. हे तुझ्या लक्षात आलंय का? म्हातारा माणूस, पंच्याऐंशीला टेकलेला, बायको गेल्यापासून त्या एका गाण्याला डोळे मिटतो, आणि डोळे मिटून तो तुझ्या दोन आणि चारवर उभा असतो. त्याने तुला काय दिलं नाही ते मोजतेस?

असो. शनिवारी साडेपाचला मी गाडी घेऊन येतो, पुतणी येणार आहे म्हणजे मी टेबलावर. आणि जीच्या दोन्ही तारा बदल, मेल्यात, गेल्या वेळी चॉप ‘थप्प’ येत होता. टेबलापर्यंत ऐकू येतं.

काका