मोगऱ्यालाही ताण द्यावा लागतो : अंगण आणि गॅलरीतल्या झाडांबद्दल सल्ला

गोडी बहाराची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी होणारी छाटणी उरकली की द्राक्ष बागायतदारांचे फोन जरा कमी होतात आणि घरच्या फुलझाडांची चौकशी सुरू होते. त्यातले चार प्रश्न इथे घेतो.

गॅलरीतला मोगरा हिरवागार आहे, रोज पाणी घालतो. पण फुलं मोजकीच येतात. (गंगापूर रोड)

रोज पाणी घालता, तीच अडचण आहे. ताणाशिवाय, म्हणजे काही काळ पाणी तोडल्याशिवाय, डाळिंबाचा बहार नीट धरता येत नाही, हे सटाण्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घरच्या मोगऱ्यापाशी आलं की हाच शहाणपणा आपण विसरतो. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, आणि जोमाने नवी फूट यायची तर झाडाला आधी थांबवावं लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करा. शेतासारखं एकदम तोडू नका, कुंडीत माती असते कितीशी! बोट दोन पेरं खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच थोडं पाणी द्या. पानं मलूल होतील, काही पिवळी पडून गळतील, होऊ द्या. जानेवारीत सिकेटरने झाड निम्म्यावर आणा, उरलेली पानं काढा, वरची 2 इंच माती उकरून तिथे कुजलेलं शेणखत भरा आणि मग भरपूर पाणी सोडा. युरियाच्या वाटेला जाऊ नका, नुसता पाला माजेल. झाडाला 5-6 तास ऊन मिळायलाच हवं. उत्तरेच्या गॅलरीत मोगऱ्याचा हट्ट नको.

शेतातली चांगली काळी माती आणून कुंड्या भरल्या. पाणी लगेच खालून निघून जातं, तरी झाडं सुकतात. (पाथर्डी फाटा)

ही माती शेतात सोनं, कुंडीत अडचण. काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात याच्या उलट: माती फुगते, चिखल होतो आणि मुळं गुदमरून कुजतात. म्हणून काळी माती चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. इगतपुरी-त्र्यंबककडची लालसर माती दोन हिस्से, कुजलेलं शेणखत एक हिस्सा, आणि भाताचं तूस किंवा धुतलेलं कोकोपीट एक हिस्सा घ्या. तूस त्याच भागातल्या भातगिरणीत मिळेल. या मिश्रणाने कुंडी हलकीही राहते, नाहीतर ओली 12 इंची कुंडी गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची वस्तू नाही. आता आहे त्या कुंड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, गोळा भिजेल. कुंड्या बदलायचं काम उन्हाळ्यात काढू नका.

शेवंती नुसती वाढते, कळी धरत नाही. कुंड्या पोर्चमध्ये आहेत. (निफाड)

पोर्चमधला दिवा रात्रभर चालू असतो का? शेवंतीला कळी धरायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. फुलशेतीवाले रात्री बल्ब लावून मुद्दाम फुलं लांबवतात; तुमच्याकडे तेच आपोआप घडतं आहे. कुंड्या अंधाऱ्या बाजूला हलवा. फुलं संपल्यावर झाड उपटू नका. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बुडाशी फुटवे येतील. उन्हाळ्यात ते वेगळे करून लावा आणि महिन्याभराने शेंडे खुडा.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो. द्राक्षाचं उरलेलं औषध मारू का? (दिंडोरी)

नाही. त्या झाडाची फुलं देवाला जातात, तेलात पडतात, मुलं हाताळतात. हा तुमच्या बागेतल्यासारखाच पिठ्या ढेकूण आहे आणि तो मुंग्यांच्या जिवावर वाढतो, तेव्हा आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. बाकी झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारा. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी ढवळून संध्याकाळी फवारा, पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. आठवड्याने पुन्हा फवारा. एका फवारणीत हा जात नाही, हे द्राक्षवाल्यांना मी काय सांगणार?