शूझाय म्हणजे अभ्यासिका नव्हे!

विचारणा अशी : जुन्या चिनी वाड्यात मालकाच्या वाचन-लेखनासाठी बाजूला एक खासगी चौक असतो. त्याला 'अभ्यासिका' म्हणावे का?

कृपा करून नको. अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून स्पर्धा परीक्षेची मुले खुर्ची धरून बसतात. चीनमधल्या सुझौ शहरातल्या वांगशी बागेतला द्येनछुन यी हा चौक तसा वाटतो का कुणाला? त्याच्या धर्तीवर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९८१मध्ये चिनी चौक उभारला, तोही काही मुलांना बसायला नव्हे.

या चौकाचे चिनी नाव म्हणून 'शूयुआन' सुचवणारे विद्वान तर धन्यच. शू म्हणजे पुस्तक, युआन म्हणजे चौक, झाली बेरीज! शूयुआन म्हणजे विद्यापीठ. छांगशाचे युएलू शूयुआन इ.स. ९७६चे आहे. 'देवघर' म्हणजे देऊळ, असे सांगण्यातला हा प्रकार.

शब्द आहे शूझाय, आणि गंमत सगळी 'झाय'मध्ये. झाय म्हणजे मुळात उपास! मोठ्या यज्ञाआधी सात दिवस सैल आणि तीन दिवस कडक नेम पाळायचा, तो झाय. बीजिंगच्या स्वर्गमंदिरात सम्राटाने या नेमासाठी राहायचे, त्या वास्तूचे नाव झायकुंग. नेमावरून नेमाची जागा, तिथून विद्वानाची एकांत खोली. काही कोशकार 'उपास' आणि 'खोली' असे दोन सुटे अर्थ देऊन मोकळे होतात, मधला दुवा गाळून. च्वांगझू या प्राचीन ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात कन्फ्यूशियसचा शिष्य यान ह्वे त्याला म्हणतो, घरी गरिबी, कित्येक महिने दारू-मांस शिवलो नाही, हा झायच ना? कन्फ्यूशियस सांगतो, हा यज्ञाचा झाय झाला, मनाचा नव्हे. मन रिकामे ठेवणे हा मनाचा झाय. वांगशी बागेतल्या एका अभ्यासखोलीचे नाव 'ची-शू झाय' त्याच उताऱ्यातले. (इथला 'शू' म्हणजे रिकामेपण, पुस्तक नव्हे.)

आता आपला 'उपवास' घ्या : उप + वस्, जवळ राहणे. सोमयागाच्या आदल्या दिवसाला 'उपवसथ' म्हणत. शतपथ ब्राह्मण म्हणते, देव यजमानाच्या घरी येऊन जवळ राहतात, म्हणून हे नाव. त्याचेच पाली रूप उपोसथ, म्हणजे बौद्धांचा उपासाचा दिवस, आणि चिनी बौद्धांनी उपोसथासाठी शब्द घेतला तो झायच! आपण राहण्यावरून उपासाला आलो, ते उपासावरून राहण्याच्या जागेला गेले. याला निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. यज्ञाची पूर्वसंध्या दोन्हीकडे आहे, हे मी सोडणार नाही.

हां, मराठी प्रतिशब्द. 'वाचनचौक' म्हणा.